बिनउन्हाचा उजेड

अर्जुनरावांची बॅग कधी पूर्ण रिकामी होत नसे. कपडे बाहेर काढायचे, गोळ्यांचा डबा उशाशी ठेवायचा, चष्म्याचं घर खिडकीत. पण स्वेटर, जास्तीची चादर आणि यशोदाबाईंचा फोटो मात्र बॅगेच्या तळाशी तसाच. दोन महिन्यांनी पुन्हा भरायचीच आहे, मग उपसा कशाला, असा त्यांचा हिशेब. दोन महिने मुलाकडे चाकणला, दोन महिने मुलीकडे तळेगावला. बायको गेल्यापासून हे असंच चाललं होतं आणि त्यांना आता त्याचा मनापासून कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्दही तोकडाच. ते दमले होते. कुठंतरी एका जागी बसावं, सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुणाच्या घरात आहोत हे आठवावं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि नेमकं हेच ते कुणाला सांगू शकत नव्हते, कारण ही व्यवस्था दुसऱ्या कुणी लादलेली नव्हती. ती त्यांनी स्वतःच लावली होती.

अर्जुनराव म्हणजे टाइम ऑफिसचा माणूस. लातूरकडच्या खेड्यातून पिंपरीला आले, एका फोर्जिंग कंपनीत चिकटले आणि सगळी नोकरी इतरांच्या शिफ्ट लावण्यात घालवली. फर्स्टला कोण, सेकंडला कोण, रात्रपाळी कुणाच्या माथी. युनियनचा पुढारी असो की मॅनेजरचा मेव्हणा, त्यांच्या तक्त्यात सगळे सारखे. एकाच माणसाला लागोपाठ रात्रपाळी पडली असं आपल्या हातून कधी झालं नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर ऐकवत. चहा नको पण हे आवरा, असं लोकांना होऊन जाई.

तर यशोदाबाईंचं दिवसकार्य उरकलं, संत तुकाराम नगरातली भाड्याची खोली सोडायचं ठरलं आणि अण्णा आता कुणाकडे, हा प्रश्न दोन्ही लेकरांच्या तोंडावर दिसायला लागला, तेव्हा अर्जुनरावांनी तो सोडवायला जराही वेळ लावला नाही. दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बदली. कुणावर जास्त भार नको, कुणाची तक्रार नको. निरंजन म्हणाला, "अण्णा, तुम्ही म्हणाल तसं." रुपाली म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत असेल तर तसंच करू." त्या दिवशी त्यांना आपल्या न्यायबुद्धीचं कौतुकच वाटलं होतं. आपण मशीनवरचा माणूस नव्हे, घरातला माणूस फिरवतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यातून तो माणूस आपण स्वतःच आहोत हे तर त्याहून उशिरा कळलं.

बॅगेबरोबर कुंड्याही फिरत. संत तुकाराम नगरातल्या गॅलरीत यशोदाबाईंनी एक मनी प्लांट वाढवला होता. गजावरून खाली उतरत उतरत तो पार खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचला होता आणि खालच्या बाई म्हणायच्या, "यशोदाताई, तुमचा वेल आमच्याकडे मुक्कामाला आलाय." खोली सोडताना अर्जुनरावांनी तो वेल कापला. एवढा लांब वेल गाडीत नेणार कसा? तुकडे तीन लटकत्या कुंड्यांत खोचले, आणि दर बदलीला त्या कुंड्या निरंजनच्या गाडीच्या मागच्या सीटवर, पट्ट्यानं बांधून, मालकाबरोबर निघत. प्रत्येक वेळी नव्या घरी पोचल्यावर वेल आठवडाभर पानं टाके. मग जरा सावरे. सावरून नवी पालवी धरतोय तोच पुन्हा पहिला रविवार उगवे.

निरंजनचा फ्लॅट चाकणजवळच्या एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. गॅलरीतून पाहिलं की समोर कंपन्यांच्या शेड आणि कंटेनरांची रांग. दुपारनंतर गॅलरीची फरशी अशी तापे की अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. पहिल्या वेळी अर्जुनरावांनी तिन्ही कुंड्या तिथंच टांगल्या. झाडाला ऊन लागतं, एवढं त्यांचं ज्ञान. चार दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडले आणि हात लावला की ती पापडासारखी मोडायला लागली. मग कुंड्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी आल्या. पण हॉलचे जाड पडदे दिवसभर बंद असत. सेकंड शिफ्ट करून आलेला निरंजन सकाळी उशिरापर्यंत झोपे, आणि नंतर ऊन आत येऊ नये म्हणून पडदे तसेच राहत. त्या अंधारात वेलाचे नुसते दोरे लांबले, पानं सुपारीएवढी निघाली आणि त्यांच्यावरच्या पिवळ्या रेघा पुसल्या गेल्या.

आता टाइम ऑफिसचा माणूस यावर काय करणार? त्यांनी कुंड्यांना शिफ्ट लावली. एक आठवडा गॅलरीत, एक टीव्हीपाशी, एक स्वयंपाकघराच्या खिडकीत. आळीपाळीनं. कुणा एकीवर अन्याय नको. दर सोमवारी सकाळी म्हातारा स्टुलावर चढून कुंड्यांची अदलाबदल करतोय, हे पाहून त्यांची सून स्वप्नाली आधी हसली, मग घाबरली, आणि मग स्वतःच येऊन स्टूल धरायला लागली. ती घरूनच काम करायची, तिच्या मीटिंगा चालू असायच्या. तरी कानातलं यंत्र न काढता ती एका हातानं स्टूल धरून उभी राही. मुलगी वाईट नव्हती. घरात कुणीच वाईट नव्हतं, हीच तर अडचण होती. कुणी वाईट असतं तर दोन शब्द बोलून मोकळं तरी होता आलं असतं.

तिन्ही कुंड्या मरायला टेकल्या, अगदी समसमान.

मग ते एकदा रस्त्याकडेच्या नर्सरीत गेले. तिथल्या माणसानं कुंड्यांचे हाल ऐकून घेतले आणि त्यांना हिरव्या जाळीखाली उभं केलं. "काका, हात पुढं धरा. खाली सावली कशी पडते बघा. कडा चाकूनं कापल्यासारखी असेल तर ऊन जास्त. सावलीच नसेल तर उजेड कमी. सावली पडते, पण कडा विरघळलेली आहे, अशी जागा हुडका. वेलांना बिनउन्हाचा उजेड लागतो." पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून बघा, वरचं पेर कोरडं लागलं तरच घाला, हेही त्यानं सांगितलं. अर्जुनराव घरी आले आणि हात पुढं धरून सगळ्या खोल्या फिरले. असं फिरणारा माणूस बाहेरून कसा दिसत असेल, याचा विचार त्यांनी केला नाही. अशी जागा त्या घरात एकच निघाली: स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत सगळा उजेड परत पाठवायची आणि ऊन मात्र तिथं एक मिनिट येत नसे.

पण तिथं वॉशिंग मशीन होतं, कपड्यांचा स्टँड होता, बादल्या होत्या, स्वप्नालीचा सगळा संसार होता. जरा हे सरकवता का, असं विचारायला हवं होतं. अर्जुनरावांनी विचारलं नाही. दोन महिन्यांच्या माणसानं घरातलं सामान हलवायला सांगू नये, असं त्यांना वाटलं. हा विचार मनात आला तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं, आणि तरी तो खोटा आहे असं काही त्यांना म्हणता येईना.

रुपालीच्या घरी ही अडचणच नव्हती. तळेगाव दाभाड्यात जुन्या पद्धतीची तीन मजली इमारत, मागच्या अंगाला रुंद गॅलरी, गॅलरीसमोर कडुनिंब. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं तो नर्सरीवाल्याचा उजेड भरलेला असे. हात पुढं धरला की फरशीवर सावली पडे, कडा विरघळलेली. गॅलरीला लागून छोटी खोली, खोलीत एक कॉट, आणि कॉटवर पडल्यापडल्या गॅलरी दिसे. जावई नवनाथ एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये, रुपाली दुसऱ्या एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात. दिवसभर घर शांत. तिथं पोचले की कुंड्या आठ दिवसांत मान वर करत, आणि खरं सांगायचं तर अर्जुनरावही.

दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीआधीची गोष्ट. ते चाकणला निघायची तयारी करत होते, कुंड्या उतरवत होते, तेव्हा रुपाली म्हणाली, "अण्णा, सासूबाई म्हणत होत्या, वेल सारखे हलवू नयेत म्हणे. एकदा जागा मानवली की तिथंच ठेवावेत."

"विहीणबाईंनी कधी बघितल्या माझ्या कुंड्या?"

"येतात ना त्या मधेमधे." रुपाली डब्याला झाकण लावत होती, तिनं मान वर केली नाही. "राहू द्या इथंच. मी पाणी घालीन."

अर्जुनरावांनी विचार केला आणि कुंड्या पुन्हा टांगल्या. निरंजन न्यायला आला तेव्हा मागची सीट रिकामी बघून तो थबकला. "कुंड्या नाही घ्यायच्या?" अर्जुनराव म्हणाले, "नको. त्यांना तिकडची हवा मानवत नाही." निरंजननं गाडी काढली. वाटेतलं इंदुरी गाव मागे पडलं, पार चाकणच्या कोंडीत गाडी अडकली, तरी तो काही बोलला नाही. आपण बोलून बसलो ते कुंड्यांबद्दल नव्हतं असं त्याला वाटलं असणार, हे अर्जुनरावांना रात्री जेवताना कळलं. पण तोवर वेळ निघून गेली होती.

पुढच्या फेरीत तळेगावला आले तर कुंड्या ओळखू येईनात. लांबलेल्या दोऱ्यांचे शेंडे खुडून त्याच मातीत पुन्हा लावलेले, त्यामुळे कुंड्या गच्च भरलेल्या. पानं एकेक करून पुसलेली, धूळ नाही. दोन लांब वेल गॅलरीच्या गजाला जुन्या लुगड्याच्या चिंधीनं सैलसर बांधलेले, फास बसू नये अशा बेतानं. रुपालीला असलं काही येत नाही हे बापाला माहीत होतं. "सासूबाई आल्या होत्या," एवढंच ती म्हणाली.

मग अर्जुनरावांनाही चेव आला. त्यांनी नर्सरीतून एक स्पायडर प्लांट आणला, आणि बारीक पानांचा टर्टल वाइन, जो कुंडीच्या कडेवरून खाली सांडल्यासारखा वाढतो. मनी प्लांटला जरा कमी उजेड चालतो म्हणून तो भिंतीकडे, टर्टल वाइनला जास्त लागतो म्हणून तो बाहेरच्या गजाला. दोन महिने जपून ते चाकणला गेले आणि परत आले तेव्हा स्पायडर प्लांटला लोंबणारी पिल्लं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत रुजवून ओळीनं मांडलेली होती. पुढच्या वेळी त्यांनी त्या डब्यांसाठी तारेचे आकडे करून ठेवले. त्याच्या पुढच्या वेळी डबे आकड्यांना टांगलेले सापडले. ज्या बाईला ते लग्नात आणि यशोदाबाईंच्या मयतीला, एवढेच दोनदा भेटले होते, तिच्याशी त्यांचं हे असं चाललं होतं. बायको गेल्यापासून एखाद्या कामात दुसऱ्याचा हात लागल्याची भावना त्यांना पहिल्यांदाच झाली. ते त्यांना बरं वाटत होतं.

या उन्हाळ्यात मात्र चाकण त्यांना झेपेना. हॉलमधल्या दिवाणावर झोप लागेना. पडदा उघडावा तर ऊन, मिटावा तर अंधार. कुंड्या नव्हत्या, तरी सवयीनं ते भिंतीसमोर हात धरून सावली बघत आणि मग हात खाली घेत. एका दुपारी निरंजननं ते पाहिलं. "काय बघताय, अण्णा?" ते म्हणाले, "काही नाही." कंपनीच्या बसची वेळ झाली म्हणून निरंजन बूट घालायला लागला.

त्याच दिवशी त्यांचं ठरलं. रुपालीला सांगायचं, मला आता हलवू नका, मी तुझ्याकडेच राहतो. लेकीच्या घरी कायमचं राहणं हे काही त्यांच्या पिढीत सोपं नव्हतं. मुलगा असताना म्हातारा मुलीकडे पडलाय, असं गावाकडचे म्हणणार. म्हणू देत. निरंजनला लागणार, हे मात्र त्यांना छळत होतं. पण गुडघे, झोप, तो दिवाण, ती अर्धी भरलेली बॅग, या सगळ्यापुढं ते हरले होते. पहिल्या रविवाराची वाट बघणंसुद्धा त्यांच्यानं होईना. ज्यानं उभ्या जन्मात कुणाची शिफ्ट मधेच बदलली नाही, त्यानं मधल्याच एका वारी स्वप्नालीला "जरा पाय मोकळे करून येतो" असं सांगितलं आणि चाकणच्या तळेगाव चौकातून बस धरली.

तळेगावला दार उघडलं ते रुपालीच्या सासूबाईंनी, चिमाबाईंनी. अर्जुनरावांना पाहून त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्यांचा चेहराच उतरला.

"या, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "रुपाली कामावर हाय. बसा, पानी आनते." आणि पाणी आणायच्या ऐवजी त्या आतल्या खोलीकडे वळल्या. "म्या ल्हान्या पिशवीत भरती समदं. माजं काय लई न्हाई. येळ लागायचा न्हाई. दिस भरल्यालं मला कळलंच न्हाई बगा."

अर्जुनरावांना कळेना. "कुठं निघालात?"

"न्हवं, तुमी आलासा ना. मंग आमी राजगुरुनगरला."

ते दारातच उभे राहिले. आतल्या खोलीत, त्यांच्या त्या कॉटवर, घडी घातलेली गोधडी होती. खिळ्याला नऊवारी. कॉटखाली एक कापडी पिशवी, अर्धी भरलेली. तिच्याकडे बघताक्षणी त्यांना सगळं समजलं. रुपालीनं झाकण लावताना मान वर का केली नव्हती, तेही समजलं. आपल्या तक्त्यात आपण एकटेच आहोत असं ते धरून चालले होते. ते इथून उठले की त्यांच्या जागी दुसरं कुणी येत होतं, आणि ते यायचे झाले की त्या बाईला उठावं लागत होतं.

"बसा, विहीणबाई," ते म्हणाले. "मी राहायला आलेलो नाही. सहज आलोय. पिशवी राहू द्या."

चिमाबाईंना ते पटायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चहा ठेवला आणि दोघं गॅलरीत बसले, ते खुर्चीवर, त्या उंबऱ्याशी. कडुनिंबातून उजेड झिरपत होता. चिमाबाईंच्या हातात ओलं फडकं होतंच. बोलता बोलता त्या मनी प्लांटची पानं पुसत राहिल्या, खालून तळवा लावून, वरून फडकं फिरवून.

"राजगुरुनगरला थोरला आहे ना तुमचा?"

"हाय की. ग्वाड हाय पोरगा. त्यानं घरावर खोल्या काढल्या, कंपनीतल्या पोरांना दिल्यात भाड्यानं. माजीबी खोली दिली. मंग माजी बाज जिन्याखाली. वाईट न्हाई तसं. पर पोरं रात्रपाळीस्नं येत्यात, डोक्यावरनं चढत्यात. झोप लागत न्हाई वो." त्यांनी फडकं पिळलं. "हितं बरं वाटतंय. हितं डोळं उगडलं की ह्ये दिसतंय."

"मग इथंच का राहत नाही?"

चिमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वेलाकडे वळवली. "खोली येकच हाय ना, पाव्हणं. अन् तुमी पोरीचं वडील. तुमचा मान आदी." मग कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात त्या म्हणाल्या, "झाडांचं बरं असतंय. त्यास्नी न्ह्यायला कुनी येत न्हाई."

अर्जुनरावांचा चहा निवला. त्यांना आपली लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. इतक्या लांब येऊन, इतकं मन घट्ट करून, शेवटी ही जागा दुसऱ्याचीही निघावी? आपण गप्प राहून नेहमीच्या रविवारी आलो, तर ही बाई पिशवी उचलून जिन्याखाली जाईल आणि कुणाला काही म्हणणार नाही. आणि मी इथंच राहतो म्हणालो, तर ती कायमचीच जिन्याखाली जाईल, आणि तरीही काही म्हणणार नाही. तेही तसलेच, काही न म्हणणारे. दोघंही अर्ध्या भरलेल्या पिशव्या घेऊन बसलेले. कुणीतरी एकानं तोंड उघडायला हवं होतं, आणि ते चिमाबाईंच्यानं व्हायचं नव्हतं.

"मला एक फांदी देता का?" त्यांनी विचारलं.

चिमाबाईंनी विळीवर मनी प्लांटचा लांबसा वेल कापला. गाठीच्या जरा खाली, जिथं मूळ फुटायचा उंचवटा दिसत होता तिथं. "पान्यात घातली की आठ-पंदरा दिसात मूळ सुटतंय. मंग मातीत. अन् येकदा लावली की हलवू नका."

"नाही हलवत."

त्यांनी चिंधी ओली करून देठाला गुंडाळली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. दारापर्यंत सोडायला येताना त्या म्हणाल्या, "रुपालीला काय सांगू?" अर्जुनराव म्हणाले, "मी फोन करीन."

बसमध्ये उभं राहावं लागलं. फांदीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ती छातीशी धरली. कोंडीत बस हलेना, पुढं कंटेनर, मागं कंटेनर. एरवी ते या कोंडीवर चिडत. आज त्यांच्यात चिडण्याइतकंही त्राण नव्हतं.

घरी पोचले तर निरंजनची सुट्टी होती आणि दोघंही नवराबायको काळजीनं जिन्यापर्यंत आले होते. अर्जुनरावांचा फोन घरीच राहिला होता. "कुठं होता अण्णा?" निरंजनचा आवाज चढला होता. अर्जुनराव दिवाणावर बसले, पाणी प्याले, आणि बायकोच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच त्यांनी या घरात काहीतरी मागितलं.

"मला त्या ड्राय बाल्कनीतला एक कोपरा पाहिजे. स्टँड जरा सरकवावा लागेल. आणि मी आता कुठं जाणार नाही. इथंच राहीन."

स्वप्नाली निरंजनकडे बघायला लागली. निरंजन शेजारी येऊन बसला. "तळेगावला?"

"तळेगावला जाईन. चार दिवस. पाहुणा म्हणून."

"मला वाटत होतं, तुम्हाला इथं करमतच नाही." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "कुंड्यासुद्धा ठेवून आलात तिकडे. दर बदलीला न्यायला येताना वाटायचं, म्हणावं, अण्णा आता बस करा. पण तक्ता तुमचा. तुम्हाला तिकडंच बरं वाटत असेल, मग मी कशाला आडवा येऊ."

"करमत नाहीच," अर्जुनराव म्हणाले. खोटं बोलायचीसुद्धा ताकद राहिली नव्हती. "पण जाणं-येणं थांबलं तर करमेल कदाचित. मी फार दमलोय, निरंजन."

निरंजननं मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो उठून बाल्कनीत गेला. तिथून बादल्यांचा आवाज यायला लागला. स्वप्नाली त्याच्या मागोमाग गेली; मशीन हलवता येणार नाही, पाइप तिथंच आहे, स्टँड मात्र गॅलरीत नेऊ, तसंही उन्हात कपडे लवकर वाळतील, असं ती नवऱ्याला समजावत होती. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि हॉलमधल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा करायला लागली. कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही.

निरंजन ड्रिल घेऊन आला. "आकडा कुठं पाहिजे, ते दाखवा."

अर्जुनराव उठले. ते भिंतीपुढं हात धरून इंचाइंचानं सरकत गेले, आणि निरंजन हातात ड्रिल धरून त्यांच्याबरोबर सरकत गेला. या वेळी त्यानं काय बघताय असं विचारलं नाही. एका ठिकाणी भिंतीवर हाताची सावली पडली, मऊ, कडा नसलेली. "इथं," अर्जुनराव म्हणाले. आकडा बसला. फांदीला मुळं फुटून ती कुंडीत जाईपर्यंत तो रिकामाच राहणार होता. फांदी त्यांनी काचेच्या बरणीत पाण्यात घालून खाली मशीनवर ठेवली. प्रवासात तिचं एक पान पिवळं पडलं होतं. ते त्यांनी खुडून टाकलं.

संध्याकाळी रुपालीचा फोन आला. ती कामावरून आली होती आणि चिमाबाईंनी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण तिला धड बोलता येईना. "अण्णा, तुम्ही येऊन गेलात. मला फोन तरी करायचा. आणि तुम्हाला वाटेल मी मुद्दाम लपवलं, पण मला काही सुचतच नव्हतं. दोघांनाही कसं सांगणार?"

"तुझं काही चुकलं नाही."

"मग पहिल्या रविवारी येताय ना? दादा आणून सोडेल?"

अर्जुनराव दिवाणावर बसले होते. समोर बॅग उघडी होती आणि तळातला फोटो त्यांच्या मांडीवर होता. गॅलरीतला तो उजेड, कॉटवरून दिसणारा कडुनिंब, गजावरून खाली उतरणारे वेल, सगळं त्यांना आठवलं आणि क्षणभर फार हवंहवंसं वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "विहीणबाईंना सांग, पिशवी रिकामी करा."